वेष्टनचित्र की मुखपृष्ठ? : लेखनसाहित्याच्या वर्गणी-पेटीवरील चित्राच्या संशोधनाची चिकित्सा

प्रास्ताविक

वही, पेन, पेन्सिल, शाई या वस्तू दुकानात जाऊन, हाताळून, कागदाचा पोत बोटांनी पाहून घेण्याची आपली परंपरा आहे. गेल्या दीड दशकात मात्र लेखनसाहित्याच्या विक्रीचा आणखी एक प्रकार रूढ झाला आहे. ग्राहक ठरावीक महिन्यांची वर्गणी आगाऊ भरतो आणि दरमहा त्याच्या घरी एक पेटी येते. तिच्यात एखादी वही, दोन-तीन पेने, पोस्टकार्डे, चिकटचित्रे, रंगीत कागदी पट्ट्या असे साहित्य असते. त्याची निवड विक्रेता करतो. पेटीत नेमके काय आहे हे बहुधा पेटी उघडेपर्यंत ग्राहकाला ठाऊक नसते. अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झालेल्या 'बर्चबॉक्स' या सौंदर्यप्रसाधनांच्या पेटीमुळे हा प्रकार चर्चेत आला. त्यामागील कल्पना मात्र जुनी आहे. दरमहा निवडक पुस्तक सभासदाच्या घरी टपालाने पाठवणारा 'बुक ऑफ द मंथ क्लब' अमेरिकेत १९२६ मध्येच सुरू झाला होता. प्रस्तुत लेखात या प्रकारच्या पेटीसाठी 'वर्गणी-पेटी' हा शब्द वापरला आहे.

वर्गणी-पेटीचे लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे तिच्यावरील चित्र. दर महिन्याचा विषय निराळा असतो, म्हणून चित्रही निराळे असते. असे चित्र काढण्यापूर्वी आरेखनकाराने 'संशोधन' करावे अशी अपेक्षा असते. उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवहीत त्यासाठी स्वतंत्र प्रकरण असते आणि त्यास गुणही असतात. प्रस्तुत लेखाचा विषय हे संशोधन आहे. कोणत्याही एका पेटीच्या सौंदर्याचे मूल्यमापन करण्याचा येथे हेतू नाही. या संशोधनात आज ज्या जुन्या चित्रांकडे वळण्याची प्रथा आहे, ती चित्रे वर्गणी-पेटीची खरी पूर्वज आहेत काय, असा प्रश्न येथे उपस्थित केला आहे. लेबल आणि मुखपृष्ठ यांत कार्याचा मूलभूत भेद आहे. वर्गणी-पेटीचे नाते लेबलापेक्षा मुखपृष्ठाशी अधिक जवळचे आहे. आणि ही वंशावळ चुकल्यामुळे चित्र तर दुबळे होतेच, शिवाय चित्रकाराचे नावही हरवते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रचलित संशोधनपद्धती

वेष्टनचित्रांचे असे प्रकल्प पाहताना एक पद्धत वारंवार दृष्टीस पडते. प्रथम जुन्या काडेपेट्यांची लेबले, कापडाच्या ताग्यांवरील रंगीत तिकिटे, साबण आणि केशतेल यांची वेष्टने, राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या शिळामुद्रित प्रती असे साहित्य गोळा केले जाते. ते एका फलकावर शेजारीशेजारी लावतात. त्यास 'मूड बोर्ड' असे म्हणतात. त्यातून रंगांची मालिका निवडली जाते, अक्षरांचे वळण उचलले जाते, वेलबुट्टीची चौकट घेतली जाते आणि 'जुन्या वळणाचे' एक नवे चित्र सिद्ध होते. चित्र पुष्कळदा देखणे असते. ते पाहून आजीच्या फडताळाची आठवण होते.

परंतु फलकावर एकत्र आलेली ही चित्रे कोणत्या काळातील, कोणत्या वस्तूवरची, कोणी काढलेली, कोणत्या तंत्राने छापलेली आणि कोणासाठी होती, हे प्रश्न विचारले जात नाहीत. १८९० चे कापडाचे तिकीट आणि १९७० ची काडेपेटी यांच्यामधील ऐंशी वर्षे एकाच 'जुनेपणा'त विरघळून जातात. साधनांचे संकलन म्हणजे संशोधन नव्हे, हे इतिहासाच्या किंवा साहित्याच्या अभ्यासकास सांगावे लागत नाही. एखाद्या प्रबंधात जुन्या कवितांची कात्रणे काल, कर्ता आणि संदर्भ न देता चिकटवली असती, तर आपण तो परत केला असता. चित्राच्या बाबतीत मात्र ही सूट आपण सहज देतो.

लेबलाचे कार्य : विक्रीपूर्वीची ओळख

लेबल हे विक्रीपूर्वीचे चित्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरचे कापड हिंदुस्थानच्या बाजारपेठांत येऊ लागले तेव्हा ताग्यावर एक रंगीत तिकीट चिकटवलेले असे. त्यावर देवदेवता, राजे, हत्ती, वाघ, स्त्रिया यांची चित्रे असत. इंग्रजी न वाचणाऱ्या, किंबहुना कोणतीच लिपी न वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला आणि दलालाला मागच्या खेपेचाच माल पुन्हा ओळखता यावा, हे त्या चित्राचे मुख्य काम होते. इंग्लंडमध्ये व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा १८७५ मध्ये आला. हिंदुस्थानात व्यापारचिन्हांचा स्वतंत्र कायदा व्हायला १९४० उजाडावे लागले. दरम्यानच्या काळात, आणि नंतरही, बाजारातील ओळख चित्रावरच चालत असे. मराठीत 'छाप' हा शब्द याच व्यवहाराची साक्ष देतो. अमुक कारखान्याचा माल द्या असे न म्हणता गिऱ्हाईक घोडाछाप, उंटछाप किंवा वाघछाप माल मागत असे.

लेखनसाहित्यातही हेच घडले. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा त्यांचा माल 'हॉर्स ब्रँड' म्हणून ओळखला जात होता. पुढे 'कॅमल' हे नाव आणि उंटाचे चित्र आले. 'कॅमल' आणि 'इंक' यांच्या संयोगातून 'कॅमलिन' हे नाव सिद्ध झाले. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान पेन्सिल्स या कंपनीने आपल्या पेन्सिलीला 'नटराज' हे नाव दिले. नृत्यमुद्रेतील नटराज आणि तांबड्या-काळ्या पट्ट्यांची पेन्सिल ही दोन्ही चिन्हे शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी न वाचता ओळखली. काडेपेटीचा इतिहासही याच धर्तीचा आहे. स्वीडिश भांडवलाची 'विमको' १९२३ मध्ये स्थापन झाली आणि तिने अंबरनाथ येथे कारखाना काढला. त्याच वर्षी तमिळनाडूतील शिवकाशीत अय्या नाडर आणि षण्मुग नाडर यांनी काडेपेटीचा उद्योग आरंभिला. काडेपेट्यांच्या लेबलांच्या गरजेतून शिवकाशीत शिळामुद्रणाचा धंदा वाढला आणि आज दिनदर्शिका, रोजनिशी व वह्या यांच्या छपाईसाठीही ते गाव प्रसिद्ध आहे.

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. न बदलणे हा लेबलाचा गुण आहे. उंट या महिन्यात उजवीकडे आणि पुढच्या महिन्यात डावीकडे पाहू लागला, तर गिऱ्हाइकाला नकली मालाचा संशय येईल. लेबल हजारो वेळा तसेच्या तसे छापले जाते आणि त्या पुनरावृत्तीतूनच त्याला विश्वासार्हता येते. वर्गणी-पेटीची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तिची विक्री आधीच झालेली असते. ती दुकानाच्या फळीवर इतर वीस पेट्यांच्या शेजारी उभी राहून गिऱ्हाइकाला हाक मारत नाही. दार वाजते तेव्हा तिचे पैसे चुकते झालेले असतात. शिवाय गेल्या महिन्याचे चित्र पुन्हा आले तर वर्गणीदार निराश होतो. ज्या चित्राला दरमहा बदलायचे आहे त्याने न बदलणाऱ्या चित्राचा आदर्श ठेवावा, यातील विसंगती लक्षात घेतली पाहिजे. परिणामी बारा महिन्यांत बारा लेबले तयार होतात, परंतु त्यांतील एकही लेबलाचे काम करत नाही. ती लेबलाची चित्रे होतात, लेबले होत नाहीत.

उसन्या चित्राची स्मृती

दुसरा मुद्दा आशयाचा आहे. वेष्टनावरील चित्र निरागस नसते. ते आपल्याबरोबर एक इतिहास घेऊन येते. लेखनसाहित्यातील एक प्रसिद्ध उदाहरण पाहावे. हार्टमुट या ऑस्ट्रिया-हंगेरीतील कारखान्याने १८८९ च्या सुमारास एक उंची पिवळी पेन्सिल बाजारात आणली. तिचे नाव 'कोह-इ-नूर'. पंजाब ब्रिटिशांनी १८४९ मध्ये खालसा केल्यानंतर जो हिरा हिंदुस्थानातून गेला, त्याचेच हे नाव. मध्य युरोपातील कारखान्याने लंडनच्या राजमुकुटाशी जोडलेल्या हिंदुस्थानी हिऱ्याचे नाव आपल्या पेन्सिलीला द्यावे, यात 'पौर्वात्य' वैभवाची एक संपूर्ण कल्पना दडलेली आहे. अमेरिकेतील पेन्सिलींनाही 'मंगोल', 'मिकाडो' अशी नावे होती. त्यांतील 'मिकाडो'चे नाव दुसऱ्या महायुद्धात जपानशी शत्रुत्व आल्यावर बदलून 'मिराडो' करण्यात आले. म्हणजे वेष्टनावरील नाव आणि चित्र राजकारणाशी किती घट्ट बांधलेले असते, हे उत्पादकांना पुरेपूर ठाऊक होते.

ताग्यावरील तिकिटांनाही हेच लागू आहे. हिंदुस्थानी देवतेचे चित्र लावलेले ते कापड हिंदुस्थानी विणकराच्या पोटावर आलेले होते. आज तेच तिकीट 'स्वदेशी जुन्या कलेचा नमुना' म्हणून वहीच्या पेटीवर अवतरते, तेव्हा अर्थ पूर्णपणे उलटा होतो. तिकिटाचा उपयोगच करू नये, असे येथे सुचवायचे नाही. तो जाणून करावा, एवढेच म्हणणे आहे. जाणून केलेला उपयोग भाष्य होतो. न जाणता केलेला उपयोग केवळ सजावट राहतो.

तंत्राचा प्रश्न

तिसरा मुद्दा मुद्रणाचा आहे. जुन्या तिकिटांचे आणि रविवर्मा यांच्या चित्रांच्या प्रतींचे मुद्रण रंगीत शिळामुद्रणाने होत असे. या तंत्रात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागतो. रेखकाने चित्राचे रंगांत पृथक्करण करायचे, प्रत्येक दगडावर ठिपक्या-ठिपक्यांनी छाया उभी करायची आणि एकाच कागदावर अनेक वेळा छपाई करायची. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली चित्रशाळा, तसेच १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला रविवर्मा यांचा छापखाना, ही या तंत्राची महाराष्ट्रातील ठळक केंद्रे होत. त्या चित्रांतील मखमली छटा, गडद किनार आणि किंचित सरकलेले रंग ही 'शैली' नव्हती. ती दगडाची, शाईची आणि हाताची फलनिष्पत्ती होती.

वर्गणी-पेटी बहुधा पन्हळी पुठ्ठ्याची असते. तिच्यावर दोन मार्गांनी छपाई होते. पहिल्या मार्गात लवचिक साच्याने थेट तपकिरी पुठ्ठ्यावर छापतात. हा फ्लेक्सो मुद्रणाचा मार्ग स्वस्त आहे, परंतु त्यात बारीक ठिपके पसरतात, पन्हळीच्या रेषा डोकावतात आणि पांढरा रंग मुळात नसल्याने प्रत्येक रंग मातकट होतो. दुसऱ्या मार्गात चित्र ऑफसेट यंत्रावर पांढऱ्या कागदावर छापून तो कागद पुठ्ठ्यावर डकवतात. त्यात सूक्ष्म काम टिकते, पण खर्च वाढतो. संशोधनात हा विचार न करता शिळामुद्रणाच्या छटा संगणकाच्या पडद्यावर हुबेहूब उतरवल्या जातात आणि छापून आल्यावर रंग बसले अशी तक्रार होते. थेट पुठ्ठ्यावर छापायचे असेल तर सपाट रंगाचे मोठे आकार, जाड रेषा आणि पुठ्ठ्याचा तपकिरी रंग हाच एक रंग मानून केलेली रचना हवी. तिचे आदर्श तिकिटांत नव्हे, तर लाकडी ठशांच्या छपाईत आणि एक-दोन रंगी मुखपृष्ठांत शोधावे लागतील.

याच संदर्भात पेटीच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूंचा भेदही महत्त्वाचा आहे. बाहेरच्या बाजूवर कुरियरची चिठ्ठी चिकटते, चिकटपट्टी ओढली जाते, कोपरे घासतात. झाकणाची आतली बाजू मात्र निर्धोक असते आणि पेटी उघडताच तीच प्रथम दिसते. शाळकरी मुले कंपासपेटीच्या झाकणाला आतून वेळापत्रक चिकटवतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. लेबलाचा आदर्श ठेवल्यामुळे आपले लक्ष बाहेरच्या बाजूवरच खिळून राहते.

दुसरी वंशावळ : अंक आणि मुखपृष्ठ

मग वर्गणी-पेटीचा पूर्वज कोणता? उत्तर तिच्या नावातच आहे. वर्गणी हा शब्द मराठी वाचकाला नियतकालिकांमुळे परिचित झाला. आगाऊ पैसे भरून, आत काय असेल हे पूर्ण ठाऊक नसताना, संपादकाच्या निवडीवर विश्वास ठेवून, टपालाने येणाऱ्या वस्तूची वाट पाहणे ही वर्गणीदाराची मनोवृत्ती आहे. पेटीचा विक्रेता येथे संपादकाच्या भूमिकेत असतो आणि पेटीचे झाकण मुखपृष्ठाच्या. मुखपृष्ठ दर अंकाला बदलते, तरीही अंक ओळखू येतो. बदल आणि ओळख यांचा हा मेळ कसा साधायचा, याचे शतकभराचे शिक्षण मराठी नियतकालिकांत साठलेले आहे.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला. तो मराठीतील पहिला दिवाळी अंक मानला जातो. 'किर्लोस्कर' मासिकाचा प्रारंभ १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' या नावाने, एका कारखान्याचे वार्तापत्र म्हणून झाला आणि त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. वस्तूचा उत्पादक, तिची जाहिरात आणि वर्गणीदाराला दरमहा मिळणारे चित्र हे तिन्ही धागे येथे एकत्र आलेले दिसतात. वर्गणी-पेटीच्या अभ्यासकाने या उदाहरणाकडे दुर्लक्ष करावे हे आश्चर्यकारक आहे. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला. दलाल आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्या मुखपृष्ठांमुळे चित्रकाराचे नाव हेच अंक घेण्याचे एक कारण झाले. वाचक त्यांची सही ओळखत, दोघांच्या शैलींची तुलना करत आणि चित्र कापून भिंतीवर लावत.

या परंपरेतील एक विशेष प्रकार वर्गणी-पेटीच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. मधुकर पाटकर यांच्या 'आवाज' दिवाळी अंकातील खिडकीचित्रे मराठी वाचकांना सुपरिचित आहेत. वरच्या पानाला कापलेल्या खिडकीतून खालच्या चित्राचा एक तुकडा दिसतो आणि वाचक काही भलताच तर्क करतो. पान उलटताच संपूर्ण चित्र समोर येते आणि तर्क फसल्याचे हसू येते. येथे चित्र हे उघडण्याच्या क्रियेत घडते. झाकलेले, अर्धे दिसणारे आणि पूर्ण उघडलेले अशा तीन अवस्थांत अर्थ बदलत जातो. झाकण, आतला पातळ कागद आणि त्याखालील वस्तू अशी रचना असलेल्या पेटीला यापेक्षा नेमका आदर्श कोणता मिळणार? तरीही 'मूड बोर्ड'वर काडेपेटी सापडते, खिडकीचित्र सापडत नाही. 'जुने' आणि 'लोककलेचे' म्हणून मान्यता पावलेल्या वस्तूंच्या यादीत नियतकालिक बसत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

विक्रीनंतरच्या चित्राचा विचार करताना जपानचे एक उदाहरण उपयुक्त ठरेल. आजच्या लेखनसाहित्याच्या अभिरुचीवर जपानचा प्रभाव मोठा आहे. ओसाका येथे १९०५ मध्ये हिशेबवह्यांच्या पुठ्ठ्यांपासून सुरुवात केलेली कोकुयो ही कंपनी २०११ मध्ये कॅमलिनची बहुसंख्य भागधारक झाली, यावरून भारतातील संबंधही स्पष्ट होतो. जपानमधील मित्सुकोशी या दुकानसमूहाने १९५० मध्ये खरेदी केलेल्या वस्तू गुंडाळण्यासाठी एक कागद तयार करवून घेतला. त्याचे चित्र गेनइचिरो इनोकुमा या चित्रकाराने काढले. समुद्रकिनाऱ्यावर लाटांनी घासून गोल झालेले दगड पाहून त्यांना त्यातील आकार सुचले. कागदावरील रोमन अक्षरे दुकानाच्या जाहिरात विभागात तेव्हा काम करणाऱ्या ताकाशी यानासे यांनी लिहिली. हेच यानासे पुढे 'अनपानमान' या बालचित्रकथेचे कर्ते म्हणून जपानभर प्रसिद्ध झाले. पांढऱ्या कागदावर विखुरलेले लाल सपाट आकार कोणत्याही मापाच्या खोक्याभोवती, कशाही घडीत बसतात. चित्र दुमडले तरी तुटत नाही. वस्तू विकली गेल्यानंतर तिच्याभोवती येणारे हे चित्र आहे. त्याला विनवणी करावी लागत नाही, ते केवळ भेटीचा मान राखते. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या कागदामागील चित्रकाराचे आणि अक्षरलेखकाचे अशी दोन्ही नावे आजही ज्ञात आहेत.

नावाचा प्रश्न

येथे आपण या चर्चेच्या मर्माशी येतो. लेबलाच्या परंपरेत चित्रकार अनाम असतो. मुखपृष्ठाच्या परंपरेत त्याची सही असते. हा योगायोग नाही. लेबलाला कारखान्याची ओळख हवी असते, म्हणून दुसऱ्या कोणाचीही ओळख त्याला अडचणीची वाटते. मुखपृष्ठाला मात्र दर अंकाचे वेगळेपण हवे असते आणि ते वेगळेपण चित्रकाराच्या हातातूनच येते. म्हणून पूर्वज निवडताना आपण नकळत चित्रकाराचे स्थानही निवडत असतो. लेबलाला पूर्वज मानणाऱ्या पेटीवर चित्रकाराचे नाव नसणे हे मग शैलीशी सुसंगतच वाटू लागते.

कायद्याची स्थिती पाहता हा विरोधाभास अधिक ठळक होतो. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये किरकोळ विक्रीच्या आवेष्टनावर उत्पादक, वेष्टक किंवा आयातदार यांचे नाव व पत्ता, वस्तूचे सर्वसाधारण नाव, निव्वळ परिमाण, महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क यांसारखी माहिती छापावी लागते. म्हणजे पेटी कोणी भरली हे सांगणे बंधनकारक आहे. पेटी कोणी चितारली हे सांगण्याचे बंधन या नियमांत नाही. प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ अन्वये नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राची पहिली मालकी, विरुद्ध करार नसल्यास, मालकाकडे जाते. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या रंगचित्राबाबतही असाच नियम आहे. तथापि त्याच अधिनियमाच्या कलम ५७ ने कर्त्याला एक वेगळा हक्क दिला आहे. हक्क विकल्यानंतरही आपण या कृतीचे कर्ते आहोत असे म्हणण्याचा त्याचा अधिकार शिल्लक राहतो. परंतु हा अधिकार मागावा लागतो. आणि पहिलेच काम मिळालेला तरुण चित्रकार तो मागण्याच्या स्थितीत क्वचितच असतो.

जुन्या चित्रांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. अनाम प्रकाशित कृतीचे संरक्षण, कर्त्याची ओळख दरम्यान उघड न झाल्यास, प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपते. त्यामुळे जुनी लेबले उचलण्यास बहुधा कायद्याची आडकाठी नसते. अडचण आहे ती अभ्यासाच्या नीतीची. ज्या रेखकाने दगडावर ती छाया उभी केली त्याचे नाव तेव्हा नोंदले गेले नाही. आज त्याचे काम 'पारंपरिक' म्हणून घेताना आपण त्याला दुसऱ्यांदा अनाम करतो. नाव सापडत नसेल तर निदान छापखाना, काल, वस्तू आणि संग्रह यांची नोंद व्हावी. पेटीतच एक छोटी चिठ्ठी ठेवून हे सहज साधता येते. नियतकालिकाच्या पहिल्या पानावर मुखपृष्ठ, सजावट व मुद्रण यांची नोंद एका ओळीत होत आली आहे. त्या ओळीला जागा लागत नाही, इच्छा लागते.

संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की, वर्गणी-पेटी विक्रीनंतरची वस्तू आहे हे अर्धसत्य आहे. पेटी उघडतानाच्या ध्वनिचित्रफिती वर्गणीदार समाजमाध्यमांवर टाकतात आणि त्या पाहून नवे वर्गणीदार मिळतात. म्हणजे पेटी पुन्हा जाहिरातच होते. आक्षेप रास्त आहे. परंतु त्या चित्रफितीत प्रेक्षक काय पाहतो? स्थिर लेबल तो पाहत नाही. तो उघडण्याची क्रिया पाहतो. झाकण उचलले जाणे, कागद सरकणे, वस्तू एकामागून एक बाहेर येणे, हा त्याचा आनंद आहे. म्हणून या नव्या परिस्थितीतही खिडकीचित्राचा आदर्श लेबलापेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

दुसरा आक्षेप असा की, स्मरणरंजन हीही एक खरी भावना आहे आणि तिला कमी लेखणे हा विद्वत्तेचा अहंकार आहे. जुन्या काडेपेटीचे चित्र पाहून कोणाला आनंद होत असेल तर अभ्यासकाने त्यावर विरजण का घालावे? येथे एवढेच म्हणता येईल की, आनंद आणि संशोधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आनंदासाठी केलेल्या संकलनास संशोधनाचे गुण देऊ नयेत. शिवाय स्मरण नेमके झाले म्हणजे आनंद कमी होत नाही. मुखपृष्ठावर दलालांची सही शोधणारा वाचक सही न शोधणाऱ्यापेक्षा चित्राचा आस्वाद कमी घेत होता, असे कोणी म्हणणार नाही.

समारोप

वर्गणी-पेटीवरील चित्राच्या संशोधनास किमान चार प्रश्नांची उत्तरे देता आली पाहिजेत. आधार म्हणून घेतलेले चित्र विक्रीपूर्वीचे की विक्रीनंतरचे? ते कोणत्या तंत्राने छापले होते आणि आपण कोणत्या तंत्राने छापणार आहोत? ते कोणी काढले, आणि नाव ठाऊक नसेल तर कोठे, केव्हा छापले गेले? आणि एका महिन्याचे चित्र पुढच्या महिन्याच्या चित्राशी कसे जोडलेले राहील? यांपैकी शेवटचा प्रश्न लेबलाला कधीच पडला नव्हता. मासिकाच्या संपादकाला तो दर महिन्याला पडत असे.

या दृष्टीने आपल्या महाविद्यालयांपुढील एक काम अगदी जवळचे आहे. आपल्या ग्रंथालयांत जुन्या मासिकांचे बांधीव खंड असतात. बांधणी करताना पुष्कळदा मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकली जातात, कारण 'मजकूर' आतल्या पानांत असतो अशी आपली समजूत आहे. ज्या चित्रकारांची नावे निदान त्या मुखपृष्ठांवर लिहिलेली होती, तीही अशा रीतीने रद्दीत जातात. उरलेली मुखपृष्ठे वेगळी काढून, अंक, महिना, चित्रकार आणि मुद्रक यांची नोंद करून जपण्यास मोठ्या निधीची गरज नाही. एक कपाट, आम्लरहित कागद आणि मराठी व उपयोजित कला या दोन विभागांतील दोन अध्यापकांचे सहकार्य पुरेसे आहे. उद्या एखादी विद्यार्थिनी वर्गणी-पेटीसाठी चित्र काढू लागेल तेव्हा तिला त्या कपाटात बारा महिन्यांची बारा चित्रे क्रमाने, नावानिशी पाहता आली पाहिजेत. तसे झाले तर आपल्या पेटीवर आपली सही असावी, असा आग्रह धरण्याचे बळही तिला तेथेच मिळेल.